पहाटेचा ट्रान्स: ॲस्ट्रल प्रोजेक्शनची चढती कमान आणि ओहोटी

१९९७ सालच्या 'डान्सिंग गॅलक्सी' या अल्बममध्ये आठ रचना आहेत. सातव्या रचनेपर्यंत नाच थांबत नाही. आठवी संथ आहे आणि तिच्या नावापुढे 'डिस्को व्हॅली मिक्स' असं लिहिलंय. डिस्को व्हॅली म्हणजे गोव्यातल्या वागातोरची समुद्रालगतची घळ, जिथे रात्रभर पार्ट्या चालायच्या. अल्बम करणारे मात्र इस्रायलचे: अवी निस्सिम, लिओर पर्लमटर आणि यानिव हाविव. गटाचं नाव ॲस्ट्रल प्रोजेक्शन.

गोवा ट्रान्सचा, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत घडलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, पाया घालणाऱ्या गटांत हे नाव पहिल्या ओळीत येतं. १९९५ ते १९९९ या काळात त्यांनी या शैलीतल्या सगळ्यात जास्त वाजलेल्या काही रचना दिल्या. त्यानंतर कार्यक्रम चालू राहिले, नाव टिकलं, पण नव्या रचनांचा ओघ आटला. प्रतिभा संपली, एवढ्यावर हा विषय बंद करणं आम्हाला पटत नाही. त्यांच्या चाली एका विशिष्ट मांडणीसाठी बांधलेल्या होत्या: दहा-बारा तासांची पार्टी, तिच्या शेवटी येणारी पहाट, डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल फितीवर, वाजणारं संगीत आणि हातोहात सावकाश फिरणाऱ्या प्रती. ती मांडणी पाच-सहा वर्षांत मोडली. घर पडल्यावर तुळई जशी उघड्यावर येते, तसं या चालींचं झालं.

तेल अवीव ते हणजूण

निस्सिम आणि पर्लमटर यांची सुरुवात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'एसएफएक्स' या नावाने झाली. तेव्हा त्यांचं संगीत ॲसिड हाउस आणि टेक्नो या क्लबमध्ये वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शैलींच्या जवळचं होतं. १९९४ च्या सुमारास यानिव हाविव सोबत आला, 'ट्रस्ट इन ट्रान्स' हे स्वतःचं लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी कंपनी, उभं राहिलं आणि त्याच नावाच्या संकलनांमधून हे काम बाहेर पडू लागलं.

वेळ जुळून आली होती. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले आणि इस्रायली तरुणांना भारतात येणं सोपं झालं. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा असते. मुलांना तेव्हा तीन वर्षं द्यावी लागत. सेवा संपली की पाठीला पिशवी लावून काही महिने भटकायचं, अशी रीतच पडली. उन्हाळ्यात मनाली-धरमशाला आणि थंडीत गोवा, असा त्यांचा फेरा. परत जाताना सामानात कॅसेटी असायच्या. त्यामुळे तेल अवीवमध्ये हे संगीत रेडिओवरून किंवा दुकानातून पोचलं नाही. ते ऐकून आलेल्या माणसांबरोबर पोचलं. अशा श्रोत्याला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. त्याला आपल्या आठवणीतली पहाट पुन्हा हवी असते, आणि ॲस्ट्रल प्रोजेक्शनने नेमकी तीच पुरवली.

रचनांच्या नावांतही हा प्रवास दिसतो. एक 'कबाला', म्हणजे ज्यू गूढविद्या, आणि दुसरी थेट 'महादेवा'.

डॅट टेप आणि चालीचा आकार

गोव्याच्या किनाऱ्यावर तबकड्या टिकत नसत. उन्हाने वाकायच्या, वाळूने चरे पडायचे आणि पेटी उचलायला दोन माणसं लागायची. म्हणून ऐंशीच्या दशकात तिथले डीजे कॅसेटवर वाजवू लागले. सोनीचे डब्ल्यूएम-डी६सी हे व्यावसायिक वॉकमन दोन घ्यायचे आणि मध्ये छोटा मिक्सर ठेवायचा. या वॉकमनला वेग किंचित कमी-जास्त करायची चकती होती, त्यामुळे दोन गाण्यांचे ठेके जमेल तसे जुळवता यायचे.

नव्वदच्या सुरुवातीला डॅट आली. ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतचं डिजिटल ध्वनिमुद्रण, आणि खिशात मावणाऱ्या डबीत दोन तासांचं संगीत. आवाज स्टुडिओतल्या मूळ प्रतीच्या तोडीचा. पण लहान डॅट यंत्रांना वेगाची चकती नव्हती. मिनिटाला १४२ ठोक्यांच्या गतीचं गाणं संपताना १४६ चं त्यात मिसळायला गेलात की ठेके एकमेकांवर घसरणार. मग उपाय एकच: ठेका नसलेल्या जागी सांधा टाकायचा. म्हणून गोवा ट्रान्सच्या रचनेला सुरुवातीला अर्धा-एक मिनिट नुसता तरंगणारा आवाज असतो आणि शेवटी तसाच उतार. पुष्कळ जण याला 'आध्यात्मिक' प्रस्तावना समजतात. त्यामागे यंत्राची ही अडचणही आहे, आणि रचनाकारांनी तिचंच सौंदर्य केलं.

डॅटचे हाल कमी नव्हते. यंत्रात फीत वाचणारं फिरतं डोकं असतं आणि आत दमटपणा जाणवला की यंत्र दवाची खूण दाखवून बंद पडतं. समुद्रकिनारी पहाटे चार ते सहा ही दवाची हमखास वेळ, आणि पार्टीतली सगळ्यात मोलाची वेळही तीच. जाणकार यंत्र रात्रभर चालूच ठेवायचे, म्हणजे ते ऊबदार राहतं. वर कापड टाकायचे आणि दुसरं यंत्र तयार ठेवायचे. थंड यंत्र बाहेर काढून लगेच टेप घालणं ही चूक, कारण ओल्या डोक्याला फीत चिकटते आणि गुंडाळली जाते. खारी धूळ डोक्यावर बसली की आवाज तुटक येतो. तेव्हा कोरडी सफाई-टेप पाच-दहा सेकंदच फिरवायची, कारण जास्त फिरवली तर डोकंच झिजतं. प्रत्येक रचनेच्या आरंभी खूण टाकलेली नसेल तर अंधारात हवी ती जागा शोधताना घाम फुटायचा.

या टेपमुळे एक वेगळीच वितरणव्यवस्था तयार झाली. रचनाकार नवं काम डॅटवर उतरवून ओळखीच्या डीजेला द्यायचा. घरगुती यंत्रांमध्ये प्रतीची प्रत रोखणारी सोय असायची, तरी एक पिढी सहज निघायची. रचना बाजारात येण्याआधी कित्येक महिने अशी फिरायची. गोव्यात हणजूणला वाजली, तिथून थायलंडचं कोह फांगान बेट, तिथून लंडन. कुठे लोक थांबतात, कुठला भाग लांबतो, कुठे खर्ज कमी पडतो हे कळायचं आणि रचनाकार परत बसून दुरुस्ती करायचा. लिहिल्यावर लगेच छापायला न देता चार मैफिलींत गाऊन बघण्यासारखंच हे होतं.

चाल बांधायची रीत

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची घसरण याच बांधणीत दडलेली आहे.

गती मिनिटाला साधारण १४० ते १४८ ठोके. १४५ धरली तर एक ठोका ४१४ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग, म्हणजे सोळांश, साधारण १०३ मिलिसेकंदांचा आणि चार ठोक्यांचं एक आवर्तन १.६५ सेकंदांचं. नऊ मिनिटांच्या रचनेत अशी सव्वातीनशे आवर्तनं बसतात. दर १६ आवर्तनांनी, म्हणजे साडेसव्वीस सेकंदांनी, काहीतरी बदलायचं: एक थर आत आणायचा, एक काढायचा किंवा फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारी चकती, उघडायचा. बदल १६ च्या घरावर नसेल तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो.

खर्जाचे सूर ठोक्यावर येत नाहीत. ठोका पहिल्या सोळांशावर, खर्ज उरलेल्या तिन्हींवर. खर्जाचा प्रत्येक सूर पुढच्या ठोक्याआधी मिटला पाहिजे. रेंगाळला तर दोन्ही मिळून नुसती गुरगुर उरते. नवख्यांच्या रचना इथेच बिघडतात.

त्यावर चाली. एक नाही, तीन-चार, आणि सगळ्या सोळांशांत सलग धावणाऱ्या. गंमत त्यांच्या लांबीत असते. एक ओळ १६ घरांची आणि दुसरी १२ घरांची ठेवली, की दोन्ही एकत्र सुटतात आणि पुन्हा ४८ घरांनी, म्हणजे तीन आवर्तनांनी समेवर भेटतात. मधल्या काळात ऐकणाऱ्याला कुणी न वाजवलेली तिसरीच चाल ऐकू येते. त्यावर दीड अष्टमांशाचा प्रतिध्वनी, १४५ च्या गतीला सुमारे ३१० मिलिसेकंद, टाकला की जाळी आणखी दाट होते. आपल्याकडे तबल्याच्या आडलयीत जो गोड गोंधळ होतो, त्याच्या जवळचं हे काम आहे.

सूर कुठले? या शैलीत दोन सप्तकं फार चालतात. एक युरोपीय परंपरेत फ्रिजियन म्हणतात ते, म्हणजे आपल्या भैरवी थाटाचे सूर. दुसरं अरबी हिजाझचं, ज्यात कोमल रिषभाला लागूनच शुद्ध गंधार येतो. आपल्याकडे बसंत मुखारीत हीच सूरसंगती आहे. मैफलीची सांगता भैरवीने करणाऱ्या मराठी कानाला सकाळच्या ट्रान्समध्ये ओळखीचं काहीतरी लागतं, ते यामुळे.

साधनं त्या काळी सगळ्यांची साधारण सारखीच. अटारीचा संगणक आणि त्यावर क्यूबेस हा संगीत रचायचा प्रोग्राम, मुद्रित आवाजांचे तुकडे वाजवणारा अकाईचा सॅम्पलर, रोलँडचे एसएच-१०१, जूनो-१०६ आणि टीबी-३०३ हे सिंथेसायझर. १९९५ नंतर नॉर्ड लीड आणि त्यापाठोपाठ रोलँडचा जेपी-८०००. सगळी यंत्रं मिडीच्या, म्हणजे सुरांचे संदेश यंत्रायंत्रांत नेणाऱ्या, तारेने जोडलेली. ही तार सेकंदाला ३१,२५० बिट वाहते, म्हणजे एका सुराच्या संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. एकाच तारेवर एकाच क्षणी दहा सूर पाठवले तर दहावा दहा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ठेका सैल पडतो. म्हणून ठोका आणि खर्ज रांगेत पुढे ठेवायचे आणि चालींना वेगळी तार द्यायची.

एसएच-१०१ आणि टीबी-३०३ मध्ये आवाजाची मांडणी साठवायची सोय नाही. जी चकती जिथे आहे, तोच आवाज. शेवटचं मिश्रण करताना दोघं-तिघं मिक्सरवर वाकून, कुणी फिल्टर उघडतोय, कुणी प्रतिध्वनी वाढवतोय, असं नऊ मिनिटं एका दमात डॅटवर उतरवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात तिघांचे सहा हात हे एक वाद्यच असतं. चकत्या हलल्या की तो आवाज गेला. पुढे हुबेहूब तसा जमवणं जवळपास अशक्य.

ॲस्ट्रल प्रोजेक्शनचं खास कसब थरांच्या क्रमात होतं. 'पीपल कॅन फ्लाय' ऐकताना मुख्य चाल किती उशिरा मोकळी होते ते मोजून पाहा. आधी तिचे तुकडे वेगवेगळ्या आवाजांत पसरलेले असतात. मग ठेका थांबतो, चाल उघडी पडते आणि ठेका परत येतो तेव्हा नाचणाऱ्याला ती आधीच पाठ झालेली असते. रात्री दोनला असं वाजवलं तर भाबडं वाटेल. सहा तास काळोख्या, टोकदार संगीतावर नाचलेल्या माणसाला उजाडताना तेच औषधासारखं लागू पडतं.

भर

१९९६ मध्ये 'ट्रस्ट इन ट्रान्स' मालिकेचा तिसरा भाग ॲस्ट्रल प्रोजेक्शनच्या नावाने आला. त्याच वर्षी 'द ॲस्ट्रल फाइल्स', पुढच्या वर्षी 'डान्सिंग गॅलक्सी' आणि १९९९ मध्ये 'अनदर वर्ल्ड'. लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय, टिप, ब्लू रूम ही लेबलं तोवर जोरात होती. ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने १८ डिसेंबर १९९४ ला बीबीसी रेडिओ १ वर 'गोवा मिक्स' वाजवल्यापासून ब्रिटनमधल्या साध्या श्रोत्यालाही हा शब्द माहीत झाला होता. जर्मनी, जपान, पोर्तुगाल इथे उत्सव सुरू झाले होते; पोर्तुगालचा बूम १९९७ पासूनचा. स्वतःचं लेबल हातात असल्याने या गटाला कुणाच्या वेळापत्रकावर थांबावं लागलं नाही. चार वर्षांत चार अल्बम, हा या कामाच्या मानाने फार मोठा वेग होता.

खांब निघत गेले

पहिला धक्का बाजाराचा. ब्रिटिश मासिकांनी १९९६-९७ मध्ये गोवा ट्रान्स डोक्यावर घेतला आणि लगेच संकलनांचा पूर आला. कोमल रिषभ, एक ३०३ आणि परग्रहवासीयांबद्दलचं एखादं सिनेमातलं वाक्य एवढ्या भांडवलावर रचना निघू लागल्या. दीड-दोन वर्षांत 'गोवा' हा शब्दच जुनाट वाटू लागला आणि लेबलांनी आवरणावर 'सायकेडेलिक ट्रान्स' छापायला सुरुवात केली.

दुसरा धक्का शैलीचा. १९९८ मध्ये जर्मनीच्या एक्स-ड्रीम या गटाने 'रेडिओ' हा अल्बम दिला. त्यात चाल जवळजवळ नव्हतीच, फक्त पोत आणि दाब. त्याच सुमारास इस्रायलमध्ये होम-मेगा या लेबलने 'फुल-ऑन' हे नाव रुजवलं: खर्ज पुढे, चाल तुकड्यातुकड्यांत, धक्के जास्त. १९९९ मध्ये इन्फेक्टेड मशरूम या इस्रायली गटाचा पहिला अल्बम आला आणि पुढच्या वर्षी 'क्लासिकल मशरूम'. संगणकात कापून, तुकडे जोडून केलेलं हे संगीत होतं. सेकंदासेकंदाला आवाज पालटतो. थर हळूहळू चढवणारी बांधणी त्याच्यासमोर सावकाश वाटू लागली.

तिसरा बदल यंत्राचा, आणि आमच्या मते सगळ्यात खोल. २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला. सीडीचा वेग बदलून ठेके चपखल जुळवणं आता सर्रास झालं. डीजेला सुरुवातीला ३२ आवर्तनं नुसता ठोका-खर्ज हवा, म्हणजे सांधा घालता येतो. तरंगणारी प्रस्तावना त्याला अडथळा वाटते. तो ती कापतो. मधली ठेका नसलेली उघडी जागाही आखडते. ज्या दोन जागांवर या गटाची चाल उभी होती, त्या दोन्ही गेल्या.

त्यासोबत आवाज मोठा करण्याची चढाओढ लागली. लिमिटरने, म्हणजे आवाजाची शिखरं दाबणाऱ्या यंत्राने, सगळं वर ओढलं की मोजके आवाज दणदणीत लागतात, पण चार चाली एकमेकींत धावत असतील तर २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात नुसता चिखल होतो. दाट जाळीची रचना तेवढ्या दाबात टिकत नाही. ती थोडी हळूच ठेवावी लागते, आणि हळू रचना दोन दणदणीत रचनांच्या मध्ये पडेल वाटते.

चौथा खांब जागेचा. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० मध्ये आले: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गोव्यात अंमलबजावणी कधी कडक, कधी सैल राहिली, पण रात्रभर चालून पहाटेला भिडणारी उघड्यावरची पार्टी ही रोजची गोष्ट उरली नाही. हणजूण-वागातोरच्या बायका नाचाच्या जागेभोवती चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून रात्रभर चहा आणि ऑम्लेट विकायच्या; त्यांचा हंगामही आटला. या संगीताच्या इतिहासात त्या चटयांचा उल्लेख ओझरता येतो. खरं तर बारा तासांची पार्टी उभी राहायची ती त्यांच्याच आधारावर: बसायला जागा, गरम चहा आणि थकलेल्या माणसाकडे लक्ष. इस्रायलमध्येही पार्ट्यांवर पोलिसांचे छापे वाढले होते आणि १९९८ मध्ये तेल अवीवच्या राबिन चौकात तरुणांनी त्याविरुद्ध मोठी निदर्शनं केली. उरले ते आखीव उत्सव आणि बंद सभागृहं. तिथे प्रत्येक गटाला एक-दीड तास मिळतो, आणि तो पहाटेचाच असेल याची खात्री नाही. रात्री अकराला 'महादेवा' वाजवणं म्हणजे ऐन दुपारी भूपाळी म्हणण्यासारखं आहे.

एमपी३ च्या अदलाबदलीने उरलासुरला आडोसा काढला. रचना एका दिवसात जगभर. महिनोन्‌महिने नाचणाऱ्यांसमोर घासून बघण्याची पद्धत संपली आणि सीडीचा खपही.

गटाने काय केलं

या परिस्थितीत दोन वाटा होत्या. नव्या शैलीत उतरायचं किंवा जुन्यालाच धरून राहायचं. ॲस्ट्रल प्रोजेक्शनने मधली वाट निवडली: गाजलेल्या रचना नव्या आवाजात पुन्हा मांडल्या. २००२ चा 'आमेन' आणि २००४ चा 'टेन' हे प्रामुख्याने मागे वळून पाहणारे अल्बम आहेत. पुढे हाविव बाहेर पडला आणि निस्सिम-पर्लमटर ही मूळ जोडी उरली.

नव्या मांडण्या नीट ऐकल्या तर अडचण समजते. ठोका घट्ट, खर्ज स्वच्छ, प्रत्येक आवाज आपापल्या जागी. पण जुन्या रचनेत फिल्टर हाताने फिरवल्यामुळे प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा केसभर वेगळं होतं. नव्यात ती वळणं संगणकात रेषा ओढून काढलेली असतात आणि सरळ जातात. चाल तीच, सूर तेच, तरी आतला श्वास कमी होतो. मूळ चकत्यांची मांडणी साठवलेली नसताना यापेक्षा जवळ जाणं कठीणच होतं. यात गटाला दोष देणं अन्यायाचं ठरेल. चुकलं असेल तर एवढंच, की जुन्या रचनांवर गेलेली ती वर्षं संथ, पहाटेच्या नव्या रचनांना देता आली असती. 'अनदर वर्ल्ड'मधली 'निलया' ऐकल्यावर त्यांच्यात ती ताकद होती याबद्दल शंका राहत नाही.

चालींची ही बांधणी मेली मात्र नाही. बेल्जियमच्या सनट्रिप लेबलने २००४ च्या सुमारास नव्या दमाचे गोवा ट्रान्सवाले गोळा करायला सुरुवात केली. स्वीडनचा फिल्टेरिया आणि २००५ मध्ये 'कोरोल' हा अल्बम देणारा फ्रान्सचा खेत्झाल यांच्यात तीच थरांची जाळी आहे, बहुतांश संगणकात विणलेली. कानावर काम करणाऱ्यांनी ती तिथेही जमवून दाखवली. फक्त हे संगीत घरी हेडफोनवर ऐकणाऱ्यांचं प्रमाण आता फार मोठं आहे.

आणि त्या काळच्या डॅट टेपा? सोनीने २००५ मध्ये शेवटची डॅट यंत्रं बनवणं थांबवलं. चालू स्थितीतलं यंत्र मिळणं दरवर्षी अवघड होतंय आणि फितीवरचा लेप सुटू लागलाय. ज्यांच्याकडे कपाटात अशा डब्या पडून आहेत, त्यांनी त्या आताच उतरवून घ्याव्यात. टेप आधी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवायची, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, डोकं साफ केलेल्या यंत्रावर डिजिटल तारेने थेट संगणकात घ्यायची. मूळ मुद्रण ४८ किलोहर्ट्झचं असेल तर संगणकातही ४८ च ठेवायचं. तुटक आवाज आला तर तीच टेप दुसऱ्या यंत्रावर लावून पाहायची. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याच्या डोक्याचा कोन थोडा वेगळा असू शकतो, आणि एका यंत्रावर तुटक वाजणारी टेप दुसऱ्यावर स्वच्छ वाजते. सुरुवातीचं तरंगणं आणि शेवटचा उतार कापू नका.